विमलताईंचा पाय

लॉकडाऊनच्या पहिल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एक आवाज यायला लागला. सकाळी सहाच्या सुमारास आणि मग संध्याकाळी पाचला. धप्प. थोडा वेळ शांतता. पुन्हा धप्प. मधूनच एखादी किंकाळी. आवाज वामनराव गावंड्यांच्या घरातून येत होता.

मी या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. बाभुळगावपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि वामनरावांच्या घरापासून दोन घरं सोडून मी भाड्यानं राहतो. वामनराव म्हणजे बैलालाही 'सरक न बापा' म्हणून विनवणारा माणूस. तो बायकोवर किंवा पोरीवर हात उगारेल हे कोणाच्याच मनाला पटत नव्हतं. पण आवाज तर रोज येत होता. शेवटी पाचव्या दिवशी शेजारच्या मथुराबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, चला. तुमी शिकेल माणूस हा. समजावून सांगा त्याले."

तोंडाला रुमाल बांधून आम्ही दोघं निघालो. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. जाऊन पाहतो तर वामनराव बाहेर ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होते. एकटेच. आणि आतून आवाज आला, धप्प.

मथुराबाईंनी दाराकडे पाहिलं, मग वामनरावांकडे पाहिलं.

"तू त इथं बसला हायस. मंग आत कोण कोणाले मारून राह्यलं?"

"कोणी नाही मारून राह्यलं," वामनराव म्हणाले. "मायलेकीची कुस्ती चालू हाय. बसा न, चहा घेता का?"

आम्ही चहा विसरून दारातून आत डोकावलो. त्या वर्षी कापसाची खरेदी थांबली होती आणि गावातल्या प्रत्येक घरात कापूस पडून होता. वामनरावांची समोरची खोली खिडकीच्या वरपर्यंत भरलेली. त्यातला निम्मा ढीग पसरून, पायानं तुडवून, त्यावर ताडपत्री ताणून बांधली होती. अशी गादी मी कुठल्याही आखाड्यात पाहिली नाही. त्या गादीवर विमलताई उताण्या पडल्या होत्या. साडीचा काचा मारलेला, वर वामनरावांचा फुलबाह्यांचा शर्ट. त्यांच्या पायांना मिठी मारून निकिता पडली होती, त्यांची पोरगी, नववीतली.

"मास्तर आले वं!" म्हणत विमलताई उठायला गेल्या आणि हसू फुटल्यामुळे पुन्हा खाली बसल्या.

मग सगळा उलगडा झाला. निकिता बाभुळगावात शंकरसिंग सरांच्या तालमीत कुस्ती शिकत होती. तालीम बंद पडली. सरांनी फोनवर सांगितलं, काही नाही तर नाही, पण रोज शंभर पट मार. कुस्तीत समोरच्याच्या पायाला हात घालून त्याला खाली आणणं म्हणजे पट काढणं. पण पट काढायला समोर पाय तर पाहिजेत. पहिल्या दिवशी वामनराव उभे राहिले होते. दुसऱ्याच पटाला त्यांची कंबर भरली आणि ते दोन दिवस पालथे पडून राहिले. म्हणून विमलताई उभ्या राहिल्या. वय बेचाळीस, जन्मात कुस्ती खेळलेल्या नाहीत, पाहिलेली नाही.

"शंभर वेळा पडता तुम्ही?" मी विचारलं.

"सत्तरच्या पुढं मोजतच नाही," ताई म्हणाल्या. "कापूस हाय न खाली. लागत नाही. खाज सुटते तेवढी."

मथुराबाई घरी जाताना मला म्हणाल्या, "दोघीचंही डोस्कं फिरलं." पण दुसऱ्या दिवशी त्याच पहिल्यांदा खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या, पाहायला.

आठ-दहा दिवसांत निकिता कंटाळली. आई लगेच पडायची. हात लागला की पडायची, कधीकधी हात लागायच्या आधीच.

"आई, तू अशी पडशील तं मले काय जमन?" ती चिडून म्हणाली. "समोरची काही अशी पडणार हाय का?"

त्यांनी सरांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल वामनरावांच्या हातात होता, त्यामुळे सरांना अर्धा वेळ घराचे टिन दिसत होते. सर म्हणाले, "ताई, तीनच गोष्टी. कंबर खाली ठेवा. ती पायाकडे आली की दोन्ही पाय मागं फेका, लांब. आणि छातीचा सगळा भार तिच्या पाठीवर सोडा. हाताच्या ताकदीनं नाही थांबवायचं, वजनानं थांबवायचं. आणि ती थांबली की सोडून द्या, म्हणजे ती परत येईन. समजलं का?"

"समजलं," ताई म्हणाल्या. "म्हंजे पायच नाही देयाचा."

"बस. पाय नाही देयाचा."

आता विमलताईंचं अंग कसं होतं ते सांगायला पाहिजे. दिसायला काही विशेष नाही. बुटक्या, रुंद. पण लहानपणापासून दर वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांनी वाकून कापूस वेचलेला. दिवसभर कंबरेत वाकून, गुडघे जरासे मोडून, पाठ न दुखवता कसं राहायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सरांनी 'कंबर खाली' म्हटलं आणि त्यांनी ती जी खाली नेली ती तिथेच राहिली. चार दिवसांत निकिताचे पंधरा-वीस पट वाया जायला लागले. महिन्याभरात निम्मे. आणि आणखी एक गोष्ट झाली. पोरीला नऊ महिने पोटात आणि चौदा वर्षं डोळ्यांसमोर ठेवलेलं, त्यामुळे ती कधी झेप घेणार हे विमलताईंना आधीच कळायचं.

"नाक फुगते तिचं," त्या मला सांगत. "आठवीत खोटं बोलाले लागली तवाही असंच फुगत होतं."

पोळ्यापर्यंत अशी वेळ आली की शंभरातले पाच पट निघायचे. एका संध्याकाळी तर एकही निघाला नाही. निकिता ताडपत्रीवर बसून रडायला लागली. विमलताई घाबरल्या. "घे व माय, घे, पडतो मी," म्हणत त्या स्वतःहूनच आडव्या झाल्या. त्यावर निकिता आणखी जोरात रडली आणि मग रडता रडता हसायला लागली.

त्यानंतर पोरीनं वेळेचं बंधन सोडलं. आई भाकर थापत असताना मागून यायची, अंगण झाडताना यायची. एकदा तर विमलताई दारात वामनरावांच्या मावशीशी बोलत उभ्या होत्या आणि निकिता कोपऱ्यावरून सरळ पायावर आली. विमलताईंनी बोलणं न थांबवता पाय मागे टाकले, पोरीच्या पाठीवर छाती टेकवली, तिला जमिनीला चिकटवलं आणि वर मान करून म्हणाल्या, "मंग, मामंजीचं दुखणं कसं हाय आता?" मावशी तेव्हापासून या घरी जपून येते.

तालमी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा शंकरसिंग सरांना पोरगी ओळखू येईना. तिचा पट इतका खालून आणि इतका झटकन यायचा की समोरचीला कळायच्या आत ती खाली असायची. सर म्हणाले, "कोणासंगं सराव केला?" निकिता म्हणाली, "आईसंगं." सरांना वाटलं ती मस्करी करते आहे. पुढच्या तीन वर्षांत निकितानं शालेय स्पर्धांमध्ये जिल्हा जिंकला, अमरावतीला विभागात तिसरी आली. घरातला कापूस केव्हाच विकला गेला होता. पण समोरच्या खोलीत आता जुन्या गाद्यांवर तीच ताडपत्री बांधलेली असायची आणि सराव चालू होता. ताईंनी आता काचा सोडून निकिताची जुनी ट्रॅकपँट घालायला सुरुवात केली होती. वर शर्ट मात्र वामनरावांचाच.

बारावी झाली आणि निकितानं नर्सिंगला प्रवेश घेतला, वर्ध्याला. हॉस्टेल. जायच्या आदल्या दिवशी तिनं आईला सांगितलं, "आई, कुस्ती आवडते मले, पण मले नर्सच व्हायचं हाय. दोन्ही नाही होत."

"मंग नर्स हो," विमलताई म्हणाल्या. "मी कुठं म्हटलं पैलवान हो म्हणून?"

पोरगी गेली. गाद्या उचलून माळ्यावर गेल्या, खोलीत पलंग आला. ताई शेतात जायच्या, यायच्या, भाजी-भाकर करायच्या, सगळं नेहमीसारखं. पण कुठेतरी काहीतरी बिनसलं होतं. वामनराव एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले.

"मास्तर, हिले गमून नाही राह्यलं."

"पोरगी गेली ना. होतं असं."

"पोरीशी त रोज फोनवर बोलते. थे नाही. काल सैपाकघरात पाह्यलं म्या. वरण शिजून राह्यलं होतं अन हे मधातच वाकून उभी. हात असे समोर. मले पाहून सरळ झाली, म्हणे कंबर दुखून राह्यली. कंबर नाही दुखत तिची, मास्तर. कंबर माही दुखते."

त्या माणसानं पुढे जे केलं त्यासाठी मी त्यांना कायम मान देईन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून एक गादी काढली. डॉक्टरांनी दिलेला कंबरेचा पट्टा घट्ट बांधला. आणि अंगणात बायकोसमोर उभे राहून म्हणाले, "चाल. मी काढतो पट."

विमलताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "तुमी?"

"काहून? पोट्टी काढत होती, मी नाही काढू शकत?"

ते वाकले. वाकले आणि वाकलेलेच राहिले, कारण पट्टा पुढे जाऊ देईना आणि कंबर मागे येऊ देईना. विमलताई इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. मथुराबाई आणि मी धावत आलो, आम्हीही हसलो. वामनरावांना आम्ही तिघांनी मिळून सरळ केलं. त्या हसण्यानंच ताईंच्या मनातलं बाहेर आलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मले पोरीची आठवण येते थे येते. पण थे दुसरंही आठवते. कोणी पायावर यावं अन मी थांबवावं. मजा ये वं मले. सांगाले लाज वाटत होती."

"लाज कायले?" वामनराव म्हणाले. ते अजून अर्धे वाकलेलेच होते.

त्यांनी ही गोष्ट गावभर केली नाही. पण आठ दिवसांनी जब्बारभाई त्यांच्या विहिरीवरची मोटार काढायला आले, तेव्हा त्यांना मात्र सांगितली. जब्बारभाई बाभुळगावात जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरतात, पंप दुरुस्त करतात. त्यांनी पाना खाली ठेवला.

"वामनराव, एक बात बोलू का? आमची फिजा शंकरसिंग सरकडंच जाते. पट चांगला मारते पण समोरचीनं भार टाकला की गडबडते. घरात एवढ्या दिवसाची रडारड चालू हाय. आणू का तिले इतवारी?"

रविवारी सकाळी साडेसहाला जब्बारभाईंची मोटारसायकल दारात थांबली. मागे फिजा, सोळा वर्षांची, काटकुळी, केसांची घट्ट वेणी. विमलताई आतून आल्या त्या ट्रॅकपँट घालूनच. पहाटे पाचपासून घालून बसल्या होत्या, हे मला नंतर वामनरावांनी सांगितलं.

"ये," ताई म्हणाल्या. "धर पाय."

फिजानं बापाकडे पाहिलं. समोर आईच्या वयाची बाई. ती जराशी संकोचून, हळूच आली. ताईंनी तिला इतक्या अलगद गादीवर चिकटवलं की तिला आपण केव्हा खाली गेलो तेही समजलं नाही. ताईंनी सोडलं. फिजा उठली. आता तिचा संकोच गेला होता. दुसऱ्यांदा जोरात आली, पुन्हा गादीवर. तिसऱ्यांदा डावीकडून. पुन्हा.

"काकू," ती धापा टाकत म्हणाली, "तुमाले आधीच कसं समजते?"

"नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "तू शोध."

जब्बारभाई ओट्यावर वामनरावांच्या शेजारी बसून चहा पीत होते. पोरगी अकराव्यांदा गादीवर गेली तेव्हा ते म्हणाले, "मोटार लेकिन मी फुकट भरून देतो, वामनराव." वामनरावांनी पैसे दिलेच, तो भाग वेगळा.

पुढच्या रविवारी फिजाबरोबर तिच्या तालमीतल्या दोघी आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी चौघी. मग शंकरसिंग सर स्वतः आले, पाहून गेले आणि म्हणाले, "ताई, तुमीच तालमीत या." मंगळवारी आणि शनिवारी शेतातून आल्यावर ताई सहा आसनी ऑटोत बसून बाभुळगावला जाऊ लागल्या. सरांनी तिथे एक नियमच केला. स्पर्धेला जायचं असेल त्या पोरीनं आधी विमलताईंचा पाय धरून दाखवायचा. दहात एकदा धरला तरी चालेल. पोरी म्हणायच्या, यापरीस स्पर्धा सोपी. फिजाला दहात एकदा धरायला सात महिने लागले. रमजानात ती रोजे ठेवून यायची तेव्हा ताई तिला नुसती बसवून ठेवायच्या, "आज तू पाह्य, दुसऱ्या पोट्ट्या पडतीन." ईदला शिरखुर्म्याचा डबा आला. मथुराबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या.

मग जानेवारीत यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा आली. त्यात यंदा पहिल्यांदाच चाळिशीच्या वरच्या बायांचा गट ठेवला होता. सरांनी ताईंना न विचारता त्यांचं नाव दिलं. यात फिजाचा हात होता, हे नंतर बाहेर आलं.

"मी नाही येत," ताई म्हणाल्या. "मी काय पैलवान हाय? मी त पाय नाही देत फक्त."

"तेवढंच करा मंग," सर म्हणाले.

वर्ध्याहून निकिताचा फोन आला. "आई, तू नाही गेली तं मी होळीले घरी येत नाही."

"नको येऊ. पुरणपोळ्या मी एकटी खाईन."

पण गेल्या. एका मंगल कार्यालयात मॅट टाकली होती. मला आयोजकांनी गुणफलकावर बसवलं होतं, आकड्यांच्या पाट्या उलटायच्या. त्यामुळे मला सगळं जवळून दिसलं. फिजा सकाळीच आपल्या वजन गटात पहिली आली होती आणि गळ्यात पदक घालून ताईंच्या कोपऱ्यात उभी होती. वामनराव आणि जब्बारभाई पहिल्या रांगेत. बायांच्या त्या गटात नावं आली होती सात. प्रत्यक्षात हजर तिघी, म्हणून प्रत्येकीनं दुसऱ्या दोघींशी खेळायचं ठरलं.

पहिली कुस्ती पुसदच्या एका पोलीस बाईंशी. उंच, भक्कम, मूळच्या खेळाडू. शिट्टी वाजली आणि त्या सरळ पायावर आल्या. ताईंनी पाय मागे टाकले, भार दिला, थांबवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ताईंनी सोडून दिलं. बाई उठून उभ्या राहिल्या, पुन्हा आल्या. पुन्हा थांबवलं, पुन्हा सोडलं. चार मिनिटांत नऊ वेळा त्या बाई पायावर आल्या. नऊ वेळा त्यांना पाय मिळाला नाही. आणि नऊ वेळा ताईंनी त्यांना सोडून दिलं.

कुस्तीचा नियम असा की नुसतं थांबवून चालत नाही. हल्ला केला नाही तर पंच ताकीद देतात आणि समोरच्याला गुण जातो. ताईंना दोनदा ताकीद मिळाली. मी दोनदा पाटी उलटली. दोन-शून्य. ताई हरल्या.

त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या पोलीस बाईंचा हात धरून त्यांना विचारत होत्या, "पाठीले नाही न लागलं?" पण फिजा रागानं लाल झाली होती. ती जवळजवळ ओरडलीच.

"काकू, तुम्ही सोडता काहून? ते खाली आली की तिच्या मागं जायचं न! कंबर धरली की दोन गुण हायत! नऊ वेळा सोडलं तुम्ही!"

"अवं," ताई गोंधळून म्हणाल्या, "सोडलं नाही तं ते परत कशी येईन?"

शंकरसिंग सरांनी कपाळावर हात मारला. चार वर्षांपूर्वी फोनवर त्यांनीच तसं सांगितलं होतं. त्या दिवसापासून विमलताईंसाठी कुस्ती म्हणजे एवढंच होतं. पोरगी यावी, तिला थांबवावं, सोडावं, म्हणजे ती पुन्हा येईल आणि शिकेल. समोर आलेली बाई शिकायला आलेली नाही, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "ताई, पोट्टीले सोडायचं. पण इथं ज्या येतात त्या काही आपल्या पोट्ट्या नाहीत. थांबवलं की सोडू नका. फिरा, मागं जा, कंबर धरा. बस."

"वाईट नाही वाटणार तिले?"

"नाही वाटणार. थे त्यासाठीच आली हाय."

अर्ध्या तासानं दुसरी कुस्ती. ढाणकीकडच्या एक क्रीडाशिक्षिका. चपळ बाई, पण जपून खेळणाऱ्या. पहिली तीन मिनिटं दोघींनी नुसतं एकमेकींचे हात ओढले. ताईंना पुन्हा ताकीद मिळाली आणि मी समोरच्या बाजूची पाटी उलटली. एक-शून्य. वामनराव उभे राहिले होते. कंबरेचा पट्टा शर्टावरूनच दिसत होता. जब्बारभाईंनी त्यांचा दंड धरला होता.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं. त्या बाईंना वाटलं असावं की एकदा पट काढून कुस्ती पक्कीच करावी. त्या आल्या. ताईंचे पाय मागे गेले, छाती बाईंच्या पाठीवर टेकली. बाई थांबल्या. आणि मला स्पष्ट दिसलं, ताईंचे हात सैल व्हायला लागले. सवय. बोटं उघडत होती.

"काकू, सोडू नका!"

फिजाचा आवाज साऱ्या हॉलमध्ये घुमला. तिच्या मागोमाग वामनराव ओरडले. ते कधी ओरडत नाहीत, म्हणून आवाज चिरका निघाला. "सोडू नको वं! मागं जाय!"

विमलताईंची बोटं पुन्हा मिटली. त्या क्षणभर तशाच राहिल्या, जणू काही नवीन गोष्ट आठवून पाहत आहेत. मग त्या फिरल्या. झपाट्यानं नाही, आपल्या रीतीनं, जसं कापसाच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळतात तसं, गुडघ्यांवर सरकत. एक हात बाईंच्या कंबरेभोवती गेला, मग दुसरा. त्या मागे पोहोचल्या होत्या. पंचांनी दोन बोटं वर केली.

पाच सेकंद. चार. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. शिट्टी वाजली.

सगळा हॉल माझ्याकडे पाहायला लागला. का ते मला कळेना. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मग पंचच ओरडले, "अहो मास्तर, पाटी! पाटी उलटा!"

मी पाटी उलटली. दोन-एक.

विमलताईंनी डोळे उघडले, फलकाकडे पाहिलं आणि सरळ त्या बाईंना मिठी मारली. त्या शिक्षिका धापा टाकत हसत होत्या. "ताई, किती वर्षं खेळता?" त्यांनी विचारलं.

"ही दुसरीच कुस्ती," ताई म्हणाल्या. "पहिली मंघाच हरली."

फिजा मॅटवर धावत गेली, जे नियमात बसत नाही. पण कोणी अडवलं नाही. जब्बारभाईंनी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल उंच धरला होता. वर्ध्याच्या हॉस्टेलच्या जिन्यात निकिता आणि तिच्या पाच-सहा मैत्रिणी एकाच वेळी किंचाळत होत्या. "आई! आई, तू मागं गेली!"

पोलीस बाईंनी दोन्ही कुस्त्या जिंकल्या होत्या, त्यामुळे ताईंचा तिघींतला दुसरा नंबर, म्हणजे रौप्य. वामनरावांनी ते पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, मग शर्टाच्या बाहीनं पुसून परत बायकोच्या गळ्यात घातलं. नंतर बसस्टँडजवळ आम्ही सगळ्यांनी उभ्यानं तर्रीपोहे खाल्ले. विमलताईंनी दोन प्लेटी खाल्ल्या आणि तर्री वरून मागून घेतली. पोलीस बाई आणि शिक्षिका बाईही आमच्यातच येऊन मिळाल्या होत्या. तिघी एकमेकींना कोणता पाय कुठे टाकला ते रस्त्यावरच करून दाखवत होत्या. एक ऑटोवाला थांबून पाहत राहिला.

याला आता वर्ष होऊन गेलं. निकिता होळीला आली होती. पुरणपोळ्या झाल्यावर तिनं आईचा पाय धरायचा प्रयत्न केला, नाही जमलं. फिजा विभागाला जाऊन आली, दुसरी आली. आणि ताईंना एक नवं काम लागलं आहे. कळंबच्या एका शाळेत मुलींची कुस्ती सुरू झाली. तिथल्या बाईंनी सरांमार्फत त्यांना बोलावलं. आजवर ताई कळंबला जायच्या त्या चिंतामणीच्या दर्शनाला, वर्षातून एकदा. आता महिन्यातून दोन शनिवारी सकाळच्या शाळेला जातात. पिशवीत ट्रॅकपँट, वामनरावांचा एक शर्ट आणि मुलींसाठी भाजलेल्या शेंगा.

पहिल्या शनिवारी मी बरोबर गेलो होतो. बावीस मुली रांगेत उभ्या. शाळेच्या बाईंनी ताईंची ओळख करून दिली, जरा मोठ्या शब्दांत. त्यातली एक पुढचे दोन दात पडलेली मुलगी बराच वेळ ताईंकडे निरखून पाहत होती. शेवटी तिनं हात वर केला.

"मावशी, तुमी किती कुस्त्या जिंकल्या?"

"एक," विमलताई म्हणाल्या.

"अन हरल्या किती?"

"एक."

मुलीनं बोटांवर हिशेब केला. "मंग त बरोबरीच झाली."

"हाव न," ताई म्हणाल्या. "म्हणूनच त आणखी एक खेळा लागते. नाव देऊन ठेवलं हाय म्या यंदा."